विद्या आणि शिल्प : महाराष्ट्रातील शालेय तंत्रशिक्षणाची वाटचाल

भगवान ऋषभदेवांनी कर्मभूमीच्या आरंभी मानवास असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे वर्णन आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आहे. श्वेतांबर परंपरेत हेच कार्य पुरुषांच्या बहात्तर आणि स्त्रियांच्या चौसष्ट कलांच्या रूपाने सांगितले जाते. या यादीतील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विद्या आणि शिल्प ही दोन्ही कर्मे एकाच गुरूने एकाच पंक्तीत बसवून दिली. त्यांत उच्चनीच भाव ठेवला नाही. जैन समाजाने या सहांपैकी वाणिज्य मनापासून स्वीकारले, मसि म्हणजे लेखणीही कानामागे अडकविली. शिल्प मात्र दुसऱ्याच्या हाती राहिले. अर्थात हे केवळ एका समाजाचे झाले असे नाही. देशातील शाळांनीही तेच केले. विद्या वर्गात बसली आणि शिल्प दाराबाहेर उभे राहिले. त्याला आत बोलावण्याचे प्रयत्न गेली दीडशेहून अधिक वर्षे चालू आहेत. त्या प्रयत्नांची हकिकत बोधप्रद आहे, आणि काहीशी खेदजनकही.

इंग्रजी अमदानीत आधुनिक शिक्षणाचा पाया घालणारा १८५४ चा वुडचा खलिता व्यवहारोपयोगी ज्ञानाची भाषा बोलत होता. परंतु तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा हेच हायस्कुलांचे सर्वस्व झाले. मॅट्रिक झालेल्यास कचेरीत कारकुनी मिळे, पुढे शिकणाऱ्यास वकिली वा मामलेदारी. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगास यातील दोष दिसला. त्याने वरच्या वर्गांचे दोन फाटे सुचविले. एक विद्यापीठाकडे जाणारा, दुसरा व्यापार-उद्योगाकडे जाणारा. सूचना उत्तम होती. तथापि दुसऱ्या फाट्याच्या टोकाला नोकरीही नव्हती आणि मानही नव्हता. पालकांनी आपल्या मुलांसाठी पहिलीच वाट धरली. दुकानात माल कितीही चांगला आणून ठेवला, तरी गिऱ्हाईक नसेल तर त्याची घडी मोडत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. आयोगास बहुधा ते कोणी सांगितले नसावे.

उद्योगांना मात्र जाणती माणसे हवीच होती. मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या आणि त्यांचे यंत्र चालविणारे, दुरुस्त करणारे तंत्रज्ञ परदेशातून आणावे लागत. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एखादी टिकाऊ संस्था कशी उभी राहू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. भायखळ्यास सुरू झालेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्यास गेली आणि आज व्हीजेटीआय याच अक्षरांनी ओळखली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर आरंभी याच संस्थेत शिक्षक होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केले. गज्जर रंगाच्या रसायनशास्त्रातील तज्ज्ञ होते. जर्मनीतून येणाऱ्या रासायनिक रंगांनी देशी रंगाऱ्यांचा धंदा बसत चालला होता, त्या काळात या देशातील मुलास त्याच्याच भाषेत रंगाचे शास्त्र शिकवावे ही त्यांची दृष्टी होती. दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी.

या संस्था थोर होत्या, पण त्या शाळेच्या पलीकडच्या होत्या. तेथे पोहोचणाऱ्या मुलाने दहा-अकरा वर्षे शाळेत घालविलेली असत आणि त्या साऱ्या काळात त्याच्या हाती कानस किंवा रंधा आलेला नसे.

योगायोग असा की, ज्या १८८७ साली मुंबईची ही संस्था निघाली, त्याच साली कोल्हापूर भागातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. कर्मवीर म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्या भाऊरावांनी आयुष्याचा आरंभीचा काळ विक्रेता म्हणून काढला होता. ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर घेऊन ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याच्या घरी नवी वस्तू पोहोचते, पण ती वस्तू समजून घेणारी विद्या पोहोचत नाही, हे त्यांनी या फिरतीत पाहिले असणार. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, आणि १९४० मध्ये तेथेच ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. मुलांनी शेतात राबावे, श्रम करावेत आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च उचलावा, ही योजना होती. हाताने काम करणारा मुलगा कमी प्रतीचा नव्हे, ही गोष्ट भाऊरावांनी महाराष्ट्राच्या गळी उतरविली. अर्थात येथे श्रम हे शिक्षणाचे साधन होते; श्रमातील तंत्र हाच अभ्यासाचा विषय व्हावा, हे पाऊल अजून पुढचे होते.

ते पाऊल महात्मा गांधींनी टाकले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी मूलोद्योगावर आधारलेला अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शाळेतील तीन तास वीस मिनिटे एकट्या उद्योगास दिलेली होती. गणित, भूगोल, शास्त्र हे सारे त्या उद्योगाच्या अनुषंगाने शिकवायचे. कापूस कोठे पिकतो यात भूगोल, सूत किती निघाले यात गणित. विचार मूलगामी होता यात शंका नाही. परंतु मुलांनी कातलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचे वेतन निघावे, ही अपेक्षाही त्यास जोडलेली होती, आणि तेथे हिशेब चुकला. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी त्याच वेळी आक्षेप घेतला होता की, शाळेतील माल बाजारात आला तर तो गावच्या कारागिराशीच स्पर्धा करील. शिवाय नवशिक्या बोटांचे सूत कोठे जाड, कोठे बारीक. ते विणकराच्या मागावर वारंवार तुटणार, हे सुताच्या व्यवहारातील कोणीही सांगितले असते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मूलोद्योग शाळा सुरू केल्या; १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर योजना पुन्हा आली. पण हळूहळू टकळीचा तास हा वेळापत्रकातला एक तास एवढाच उरला, आणि भूगोल पुन्हा नकाशात, गणित पुन्हा फळ्यावर गेले. खेड्यातल्या शाळांना टकळी आणि शहरातल्या शाळांना इंग्रजी, अशी विभागणी झालेली पाहून खेड्यातील पालकांनीच तिच्याकडे पाठ फिरविली. आपल्या मुलास दुय्यम माल दिला जात आहे अशी शंका त्यांना आली, आणि ती शंका अगदीच निराधार नव्हती.

दरम्यान सरकारी पातळीवर दुसरा प्रवाह चालू होता. १९३७ च्या ॲबट-वुड अहवालाने आणि १९४४ च्या सार्जंट योजनेने सामान्य हायस्कुलांबरोबर तांत्रिक हायस्कुले असावीत असे सुचविले. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने एकाच छपराखाली सात शाखा असणाऱ्या बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान अशा त्या सात शाखा. मुलाचा कल पाहून त्याला शाखा द्यावी, हा हेतू. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात पोलाद कारखाने उभे राहत होते, धरणे बांधली जात होती, आणि शाळेतच तंत्रज्ञानाची ओळख झालेली पिढी हवी हा विचार त्या काळाशी सुसंगत होता.

महाराष्ट्रात या काळातील शालेय तंत्रशिक्षणाचे जे रूप स्थिरावले, ते त्या पिढीतील पुष्कळांच्या स्मरणात असेल. मुंबईतील एल्फिन्स्टन टेक्निकल हायस्कुलासारख्या काही शाळा पूर्णतः तांत्रिक होत्या. इतरत्र जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी शासकीय तांत्रिक विद्यालयाचे केंद्र असे आणि आसपासच्या अनेक शाळांतील आठवी ते दहावीची निवडक मुले ठराविक दिवशी तेथे जात. अशा मुलांना ‘टेक्निकलची मुले’ म्हणत. ती सुतारकामाच्या बाकावर रंधा मारीत, शेगड्यात लोखंडाचा तुकडा पकडून कानशीने घाशीत आणि गुण्या लावून काटकोन तपाशीत. चार्‍ही बाजूंस उजेड दिसेनासा होईपर्यंत तो तुकडा घासायचा असे. ज्याने हा काटकोन एकदा आपल्या हाताने साधला, त्याला भूमितीच्या पुस्तकातील काटकोन निराळा शिकवावा लागला नाही. ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर सरकवून एकाच वस्तूची समोरची, वरची आणि बाजूची अशी तीन दृश्ये काढणे, हाही त्या अभ्यासाचा भाग होता. वस्तू डोळ्यांपुढे नसताना ती मनात फिरवून पाहण्याची जी शक्ती त्यातून येते, ती पाठांतराने येत नाही.

या केंद्रांतून शिकलेल्यांपैकी पुढे डिप्लोमाला वा आयटीआयला गेलेली, लहान कारखाने काढलेली माणसे महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत ठिकठिकाणी भेटतात. मग ही व्यवस्था वाढली का नाही? त्याचे उत्तर यंत्रांत सापडत नाही. यंत्रे आली होती. पंचवार्षिक योजनांतून अनुदाने मिळाली, लेथ बसले, भट्ट्या उभ्या राहिल्या. अडले ते शिकविणाऱ्यापाशी. ज्याच्या हातात कसब आहे त्यास कारखान्यात शाळेहून अधिक वेतन मिळे, आणि ज्याच्यापाशी अध्यापनाची पदवी आहे त्याच्या हातात कसब नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढण्यात आली, पण तोवर बहुउद्देशीय शाळांची धग ओसरली होती. इमारत आणि यंत्रसामग्री हा भांडवली खर्च एकदा करून मोकळे होता येते, त्याचे उद्घाटन होते, कोनशिलाही बसते. शिक्षक हा दरसालचा महसुली खर्च असतो आणि त्याची कोनशिला नसते.

दुसरे कारण मानाचे. तांत्रिक शाखा ‘ज्याला जमेल त्याला विज्ञान, ज्याला जमणार नाही त्याला हातकाम’ अशा समजुतीत अडकली. वस्तुतः पुष्कळ केंद्रांत गुण पाहूनच प्रवेश दिला जाई. तरीही घरोघरी समजूत कायम राहिली. आणि मुली? त्या तर या बाकांवर क्वचितच दिसल्या. त्यांच्यासाठी शिवणकाम होते.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द शिक्षणात आणला आणि एक मोठे उद्दिष्ट ठेवले. १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, हे ते उद्दिष्ट होय. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे लांबलचक नाव सुचविले. शाळांनी त्या नावाखाली खडू, मेणबत्त्या, कागदी फुले आणि पायपुसणी तयार केली. १९८६ उजाडले तेव्हा कोठारी आयोगाचे उद्दिष्ट जेथल्या तेथे होते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने ते १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के असे खाली आणले. १९९२ मध्ये त्याच आकड्यांची मुदत आणखी पाच वर्षांनी पुढे ढकलण्यात आली. धनकोने मुद्दल कमी करून द्यावे, मुदतही वाढवून द्यावी, आणि तरीही वसुली होऊ नये, असा हा प्रकार.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात १९८३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. त्यांतील एक कारण सर्वांस ठाऊक आहे. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली आणि गावोगावी अभियांत्रिकीच्या इमारती उभ्या राहिल्या. यापूर्वीही समाजातील धुरीणांनी अभियांत्रिकी शिक्षणास हातभार लावला होता. सांगलीचे १९४७ मध्ये स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून वालचंदांच्या नावाने चालत आहे, याचा सार्थ अभिमान वाटावा. मात्र १९८३ नंतर अभियांत्रिकी म्हणजे बारावीनंतरची गोष्ट, प्रवेशपरीक्षेने मिळणारी गोष्ट, असे समीकरण पक्के झाले. शाळेच्या कार्यशाळेत तास घालविणे हा वेळेचा अपव्यय वाटू लागला, कारण त्या तासाचे गुण पुढच्या प्रवेशास फारसे उपयोगी पडत नव्हते. देणगीदारांचा ओढाही महाविद्यालयाकडेच राहिला. शाळेच्या आवारातील पत्र्याच्या शेडला कोणी आपले नाव देऊ केल्याचे सहसा ऐकिवात नाही.

दुसरे कारण फारसे कोणास ठाऊक नाही. त्याच १९८३ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू झाला. पाबळ म्हटले की जैन वाचकांच्या डोळ्यांपुढे श्री पद्ममणी तीर्थ आणि पद्मप्रभू भगवंतांची मूर्ती उभी राहील; इतिहासप्रेमींस तेथील मस्तानीची कबर आठवेल. त्याच अवर्षणग्रस्त गावाच्या माळावर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी आपला प्रयोग मांडला. १९२८ साली जन्मलेले कलबाग अन्नतंत्रज्ञानातील शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम, मग हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात उच्च पद, अशी त्यांची कारकीर्द. पन्नाशी ओलांडल्यावर ते सारे सोडून ते पत्नी मीराताईंसह पाबळास येऊन राहिले. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी उभारलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून आश्रमाचे काम सुरू झाले.

कलबागांचा विचार थोडक्यात असा होता. मूल चालायला, बोलायला शिकते ते करता करता; शाळेत आल्यावर मात्र आपण त्यास हात बांधून बसवितो. खेड्यातील मुलास बुद्धी कमी नसते, त्याच्या बुद्धीस कामाचे खाद्य मिळत नाही. म्हणून त्यांनी गावच्या माध्यमिक शाळेतील आठवी, नववी आणि दहावीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एक दिवस कामाचा, असा अभ्यासक्रम बसविला. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हे त्याचे नाव. आयबीटी या अक्षरांनी तो पुढे ओळखला गेला. १९८७ मध्ये त्यास माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली. हंटर आयोगाच्या दुसऱ्या फाट्यास जे मिळाले नव्हते, ते येथे मिळाले; हाताच्या कामाचे गुण दहावीच्या परीक्षेत आले.

या अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन. प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने हे चारही करायचे. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा पदार्थातील पोषणमूल्य काढतो, रक्तातील हिमोग्लोबिन तपासतो. शिवणकाम एकीकडे आणि कानस दुसरीकडे, ही जुनी वाटणी पाबळास कोणताही गाजावाजा न करता मोडली गेली. घरातील वीजजोडणी, नळजोडणी, फेरोसिमेंटचे पत्रे आणि टाक्या, मातीपरीक्षण, कलमे बांधणे, कोंबडीपालन, जमिनीचे प्लेन टेबलने सर्वेक्षण, अशी कामांची यादी मोठी आहे. जमिनीत वीजप्रवाह सोडून तिच्या विरोधावरून भूजलाचा अंदाज घेण्याची पद्धतही तेथे शाळेत न टिकलेल्या मुलांना शिकविली गेली. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावात विहीर कोठे खणावी हे जो सांगू शकतो, त्याला गाव ‘नापास’ म्हणत नाही.

या साऱ्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी होत्या आणि मागील शतकभरातील योजनांचे अपयश लक्षात घेतले म्हणजेच त्यांचे मोल कळते. पहिली, शिक्षक कोण? कलबागांनी पदवीधर शिक्षकाच्या हाती पक्कड देण्यापेक्षा गावातल्याच कसबी माणसाला, वायरमनला, वेल्डरला, रोपवाटिका चालविणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस मानधनावर शाळेत आणले. त्याचा धंदा चालू राहतो, शाळेला कसब मिळते. शाळेची साधने शाळा सुटल्यावर त्याने आपल्या कामासाठी वापरावीत, अशीही कल्पना होती. बहुउद्देशीय शाळांना जो माणूस महागात पडत होता, तो येथे परवडला.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. मुलांनी केलेले काम शोभेचे नसावे; कोणाला तरी त्याची गरज असावी आणि त्याने त्याचे पैसे मोजावेत, असा कलबागांचा आग्रह होता. शाळेसाठी बाक, गावकऱ्यासाठी फाटक, शेतकऱ्यासाठी मातीपरीक्षण. या कामातून शिक्षकाचा पगार काढण्याची वर्ध्याची अपेक्षा येथे नव्हती. पैसे घ्यायचे ते कामाची परीक्षा व्हावी म्हणून. वाकडे फाटक गिऱ्हाईक परत करते. त्याहून कडक परीक्षक कोणते मंडळ नेमणार? आणि प्रत्येक कामाचा खर्च मुलांनी मांडायचा. साहित्य किती लागले, वाया किती गेले, वीज किती, मजुरी किती. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास जे परिव्ययांकन पुस्तकातून शिकावे लागते, ते आठवीतील मूल पाबळास लोखंडी पट्टीच्या तुकड्यावरून शिकते.

शाळा सोडलेल्या मुलांसाठी आश्रमात वर्षभराची निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविका सुरू झाली. आश्रमाच्या कित्येक इमारती या मुलांनीच बांधल्या आहेत. लोखंडी त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभारलेली घुमटाकार घरे पाबळास विकसित झाली आणि १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भूकंपग्रस्त भागातही ती उभारण्यात आली. जीपच्या सुट्या भागांतून ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टर येथेच बनला. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या जगद्विख्यात संस्थेने संगणकाच्या साह्याने वस्तू घडविणारी ‘फॅब लॅब’ आपल्या आवाराबाहेर प्रथम कोठे काढली असेल, तर ती या पाबळास. दुधाची प्रत तपासणारे उपकरण आपणच बनवावे, असे प्रयत्न त्या खेड्यात सुरू झाले. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, डॉ. कलबागांचे निधन झाले. त्यांच्या नावाची प्रसिद्धी त्यांच्या कार्याच्या मानाने अत्यल्पच राहिली.

पाबळचा अभ्यासक्रम नंतर राज्यातील इतर शाळांत गेला. ‘लेंड अ हँड इंडिया’सारख्या संस्थांनी त्याच्या प्रसारास साह्य केले. पुढे राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात त्याचे बहुकौशल्य विषयात रूपांतर झाले. तथापि जेथे मुख्याध्यापकाने हा दिवस जपला तेथेच तो टिकला. एका पिढीनंतरही तो बहुसंख्य शाळांचा नियम झालेला नाही.

गेल्या दहा वर्षांत मात्र केंद्र सरकारने या क्षेत्रात मोठी पावले टाकली. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल नवप्रवर्तन अभियानातून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. प्रत्येक शाळेस वीस लाख रुपये, त्यांतील दहा लाख उभारणीस आणि दहा लाख पाच वर्षे चालविण्यास. थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, रोबोटचे सुटे भाग अशी सामग्री त्यातून आली. देशात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार उभारण्याची घोषणा झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले असून त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ मुलांनी शिकावे असे म्हटले आहे. त्याच धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांस व्यवसायशिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्ट ठेवले होते. निम्मे हा आकडा वाचकांस ओळखीचा वाटेल. कोठारी आयोगाने दिलेली मुदत संपून तोवर एकोणचाळीस वर्षे झाली होती.

वीस लाखांच्या यादीत यंत्रांची नावे तपशीलवार आहेत. शिकविणाऱ्याचा भार बहुधा शाळेतीलच विज्ञानाच्या किंवा संगणकाच्या शिक्षकावर पडतो. त्याचे तास, त्याच्या परीक्षा, त्याची अशैक्षणिक कामे तशीच राहतात. पाच वर्षांचे अनुदान संपल्यावर प्रिंटरची तार कोण आणणार, बिघडलेली मोटर कोण दुरुस्त करणार, हे प्रश्न संबंधित शाळेच्या व्यवस्थापनासमोर उभे राहतात. दहा दिवस शाळेत येणाऱ्या सुताराचा त्या दहा दिवसांचा रोज बुडतो, तो कोणी भरून द्यायचा, हेही शाळेलाच ठरवावे लागते. पाबळच्या मुलांनी हा प्रश्न कधीच सोडविला होता. त्यांच्या खर्चाच्या तक्त्यात साहित्य आणि विजेखाली मजुरीचा रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवता येत नाही.